बोन मॅरो ट्रान्सप्लांट: दाखल होण्याआधीपासून लसींपर्यंत, टप्प्याटप्प्याने

एका घरात डिस्चार्जच्या तिसऱ्या दिवशी सत्यनारायण घातला गेला. चाळीस माणसं जेवून गेली, रुग्णाने तीर्थप्रसाद घेतला, आणि आठवड्याच्या आत तो पुन्हा दवाखान्यात होता. माझ्या नवऱ्याच्या ट्रान्सप्लांटनंतर मला ओळखी-अनोळखी घरांतून फोन येऊ लागले, त्यातलाच हा एक. घरची माणसं प्रेमाने वागली होती. त्यांना एवढंच कुणी नीट सांगितलं नव्हतं, की डिस्चार्जच्या दिवशी ट्रान्सप्लांट अर्धवट झालेला असतो आणि उरलेला अर्धा घरी करायचा असतो.

बोन मॅरो म्हणजे हाडांतला, रक्त तयार करणारा मगज. ट्रान्सप्लांटमध्ये रुग्णाचा मॅरो औषधांनी संपवून डोनरचा, म्हणजे देणाऱ्याचा, रुजवतात. ह्यांना ए.एम.एल. हा रक्ताचा कॅन्सर होता, आणि डोनर म्हणून वन्सं, म्हणजे माझी नणंद, पूर्ण जुळल्या. आम्ही कराडचे, उपचार मुंबईत झाले. खाली लिहिलंय ते आमच्या अनुभवातून, आमच्या डॉक्टर-नर्सनी शिकवलेल्यातून आणि आलेल्या फोनांतून. तुमच्या टीमने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण प्रत्येकाची औषधं आणि धोके वेगळे असतात. आणखी एक गोष्ट आधीच सांगते. प्रत्येक ल्युकेमियाला, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरला, ट्रान्सप्लांट लागतो असं नाही. सी.एम.एल. या त्याच्या दुसऱ्या प्रकाराचे बहुतेक रुग्ण रोजच्या गोळीवर वर्षानुवर्षं चांगले राहतात. तुम्हाला ट्रान्सप्लांट का सांगितलाय, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा आणि उत्तर वहीत लिहून घ्या.

## टप्पा १: दाखल होण्याआधी

१. वही करा. जाड, दोनशे पानी. पुढच्या बाजूने तारीखवार काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे), ताप, वजन, औषधं. मागच्या बाजूने डॉक्टरांना विचारायचे प्रश्न. मोबाइलमधल्या फोटोंच्या ढिगात रात्री अडीच वाजता काही सापडत नाही, वही सापडते.

२. मॅचिंग. एच.एल.ए., म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांची, तपासणी आधी सख्ख्या भावंडांची करतात. प्रत्येक सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आई-वडील आणि मुलं साधारणपणे अर्धीच जुळतात. पूर्वी अर्ध्या जुळणीवर काम अडायचं, आता अर्ध्या जुळणीचे ट्रान्सप्लांटही मोठ्या केंद्रांत नेहमी होतात. घरात कुणीच योग्य नसेल तर डॉक्टर दात्रीसारख्या नोंदणी संस्थेत अनोळखी डोनर शोधतात. रक्तगट वेगळा आहे म्हणून कुणाला आपणहून बाद करू नका. एच.एल.ए. आणि रक्तगट या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

३. डोनरला एकटीला विचारा. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण घरोघरी खरा तिढा इथेच पडतो. सगळं घर जमवून, रुग्णाच्या देखत, "देशील ना?" असं विचारणं म्हणजे विचारणंच नव्हे. वन्संशी डॉक्टर बंद दाराआड, त्यांच्या यजमानांशिवायही बोलले. मला ते तेव्हा खटकलं, आज पटतं. सासूबाईंना वाटत होतं, लेक जन्मभर कमजोर होईल, कंबर जाईल. प्रत्यक्षात चार-पाच दिवस त्वचेखाली इंजेक्शनं घेतात, त्याने अंग आणि हाडं दुखतात, मग मशीनवर काही तास बसून रक्तातून स्टेम सेल, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी, वेगळ्या काढून घेतात. कधी कधी कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन मॅरो काढतात. काढलेला मॅरो शरीर काही आठवड्यांत भरून काढतं. मणक्याला कुणी हात लावत नाही. हे सगळं डोनरच्या सासरच्यांनाही डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या, तुमच्या तोंडून नको.

> थांबा: रुग्णाला केमो, म्हणजे कंडिशनिंग, सुरू झाल्यावर डोनरने माघार घेतली तर रुग्णाचा स्वतःचा मॅरो संपलेला असतो. म्हणून डोनरचा होकार, तपासण्या आणि तारखा आधी पक्क्या करा. त्या काळात डोनरने सर्दी-तापाची माणसं टाळावीत आणि मोटारसायकलचा लांबचा प्रवास करू नये.

४. रक्ताची सोय. रुग्णाला आपल्या घरचंच रक्त मिळावं हा हट्ट सोडा. रक्ताच्या नात्यातल्यांचं रक्त त्याला चढवणं धोक्याचं ठरू शकतं. नातेवाइकांनी रक्तपेढीत जरूर द्यावं, ते दुसऱ्या कुणाच्या कामी येईल. प्लेटलेट देणाऱ्या मित्रमंडळींची यादी मात्र आधी करा: नाव, रक्तगट, फोन, मुंबईत कुठल्या दिवशी येऊ शकतो. मशीनवर प्लेटलेट देणारा माणूस ४८ तासांनंतर पुन्हा देऊ शकतो. आमच्या यादीत बावीस नावं होती, कामाला आली नऊ.

५. दात आणि मूल. किडलेला दात, हललेली दाढ, हिरड्यातला पू याचा निकाल दाखल होण्याआधीच लावा, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशीच. काउंट शून्यावर असताना त्या दाढेतला जंतू रक्तात उतरतो. दुसरा विषय बोलायला अवघड आहे. कंडिशनिंगनंतर बहुतेकांना नैसर्गिकरीत्या मूल होत नाही. तरुण रुग्णाचे शुक्राणू किंवा स्त्रीबीज जपून ठेवायचं असेल तर ते उपचार सुरू होण्याआधीच करावं लागतं. डॉक्टर गडबडीत असतील तर तुम्ही विचारा. आई-वडिलांना संकोच वाटतो आणि पंचविशीचा मुलगा गप्प बसतो, असं मी दोन घरांत पाहिलं.

६. पैसे आणि मुक्काम. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच आठवड्यात जा. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला, आधार, निदानाचे कागद आणि रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, या सगळ्याच्या पाच-पाच प्रती काढा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि ट्रस्ट, प्रत्येकाला अर्ज वेगळा. बहुतेक ठिकाणी उपचार होण्याआधी अर्ज लागतो, नंतर दिलेलं बिल चालत नाही. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला उपचाराच्या प्रवासासाठी सवलत असते, त्यासाठी ठरावीक नमुन्यातला दाखला रुग्णालय देतं.

ट्रान्सप्लांटनंतरचे पहिले सुमारे शंभर दिवस दवाखान्याजवळ राहावं लागतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सर रुग्णांच्या कुटुंबांना आधार देते. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. पण ट्रान्सप्लांटनंतर स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास लागतो, तेव्हा जागा ठरवताना हे आधी बोला.

## टप्पा २: खोलीतले दिवस

या काळात तुमच्या हातात फार थोडं असतं, म्हणून थोडक्यात लिहिते.

आधी कंडिशनिंगची केमो, काहींना रेडिएशन. मग डे झिरो, ज्या दिवशी स्टेम सेल चढवतात. ऑपरेशन नसतं. रक्ताची पिशवी चढवावी तशी ती पिशवी चढते. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो होतो आणि ते पंचेचाळीस मिनिटांत संपलं. त्यानंतर काउंट पडतात आणि नवा मॅरो धरेपर्यंत साधारण दोन ते चार आठवडे जातात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिले की मॅरोने मूळ धरलं असं मानतात.

रुग्णाने आणि सोबत्याने करायच्या चार गोष्टी:

१. तोंडाची निगा. सांगितलेल्या पाण्याने सांगितल्या वेळी गुळण्या, रात्रीसुद्धा. अतिशय मऊ ब्रश, आणि प्लेटलेट फार कमी असतील तर नर्स सांगतील तसं. मेलफॅलन हे औषध देताना तोंडात बर्फाचे तुकडे धरायला सांगतात, तेव्हा कंटाळू नका. त्यामुळे तोंड कमी येतं.

२. रोज अंघोळ किंवा अंग पुसणं, सेंट्रल लाइनची, म्हणजे मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीची, जागा कोरडी ठेवून.

३. जमेल तितका वेळ पलंगावरून उठून खुर्चीत बसणं, खोलीत फेऱ्या. ह्यांच्या दिवसाला आधी चाळीस पावलं व्हायची. आकडा वहीत लिहायचो.

४. सोबत्याला शिंक आली तरी त्याने बाहेर पडायचं. यासाठी दुसरा सोबती आधीच तयार हवा.

> तपासून घ्या: चढवल्या जाणाऱ्या प्रत्येक रक्ताच्या आणि प्लेटलेटच्या पिशवीवर 'इरॅडिएटेड', म्हणजे किरण दिलेलं, असा शिक्का आहे ना? नर्स बघतातच, तरी तुम्हीही बघा. पुढे गावी कधी रक्त लागलं तर हीच अट तिथल्या डॉक्टरांना तुम्हालाच सांगावी लागेल.

## टप्पा ३: घर तयार करणं, डिस्चार्जच्या आठ दिवस आधी

घर म्हणजे इथे दवाखान्याजवळ मुक्काम असेल ती जागाही. क्रम महत्त्वाचा आहे. रुग्ण घरी आल्यावर सफाई काढायची नाही. धूळ उडते, आणि त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात गेली तर फार वाईट दुखणं होतं.

१. ओल आलेली भिंत, बुरशी धरलेलं बाथरूम आधी दुरुस्त करा. रंगकाम आणि फोडाफोडी रुग्ण येण्याआधी पूर्ण संपलेली हवी. शेजारी बांधकाम चालू असेल तर त्या बाजूच्या खिडक्या बंद.

२. कुंड्या, फुलदाणी, फिशटँक खोलीबाहेर. देवघरातली वाळलेली फुलं रोज बाहेर. तुळशीला पाणी दुसरं कुणीतरी घालेल, रुग्णाने मातीत हात घालायचा नाही.

३. खिडकीत कबुतरं बसत असतील तर जाळी लावून घ्या. विष्ठा साफ करताना रुग्ण घरात नको. मांजर-कुत्रं असेल तर त्याचं खाणं-घाण दुसऱ्याकडे.

४. एअर कूलर बंद. पंखा आणि एसीचे फिल्टर धुऊन ठेवा.

५. केरसुणीने झाडणं बंद, फक्त ओल्या फडक्याने पुसणं, तेही रुग्ण दुसऱ्या खोलीत असताना.

६. कमोड हवा. स्टेरॉइडने मांड्यांतली ताकद जाते, भारतीय संडासातून उठता येत नाही. आम्हाला हे घरी आल्यावर कळलं आणि त्या संध्याकाळी प्लॅस्टिकची कमोड खुर्ची शोधत माझा भाऊ परळभर फिरला.

७. दारावर कागद: "सध्या भेटी बंद. फोन करा." हा कागद लावायला संकोच वाटतो. लावा. ज्यांना राग येतो त्यांना वर्षाने समजतं.

घरात लहान मूल असेल तर एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. पोलिओचे थेंब जिवंत लसीचे असतात आणि ते घेतलेल्या बाळाच्या शीमधून विषाणू काही आठवडे बाहेर पडतो. बालरोगतज्ज्ञांना सांगून त्या बाळाला पोलिओचं इंजेक्शन द्या, आणि पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर नेण्याआधी त्यांना विचारा. बाळाला थेंब दिले गेलेच असतील तर रुग्णाने त्याचे लंगोट, डायपर हाताळायचे नाहीत. घरातल्या मोठ्यांनी फ्लूची लस मात्र घ्यावी.

## टप्पा ४: औषधांचं वेळापत्रक

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि माझी सगळ्यात मोठी चूकही इथलीच.

घरी येताना हातात दहा-बारा औषधांची चिठ्ठी मिळते. त्यांचे गट समजून घ्या म्हणजे एखादं "आता काय गरज" म्हणून बंद होणार नाही.

- सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस: डोनरच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून. बारा-बारा तासांनी, घड्याळ लावून.
- बुरशीचं औषध: फ्लुकोनॅझोल, पोसाकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल यांपैकी एखादं.
- असायक्लोव्हिर: नागीण आणि तत्सम विषाणूंसाठी, बहुधा वर्षभर किंवा जास्त.
- कोट्रायमॉक्झाझोल: एका विशिष्ट न्यूमोनियासाठी, बहुधा आठवड्यातले ठरावीक दिवस.
- आणि मॅग्नेशियम, रक्तदाबाचं, पोटाचं, वगैरे.

आता माझी चूक. मी वेळेची पक्की. सायक्लोस्पोरिन सकाळी आठला म्हणजे आठलाच. ओपीडीत रक्त द्यायच्या दिवशीही मी आठला गोळी दिली आणि दहाला रक्त दिलं. लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, भलतीच वर आली, डॉक्टरांनी डोस कमी केला. दुसऱ्या भेटीत नर्सने सहज विचारलं, "गोळी घेऊन आलात का?" तेव्हा उलगडा झाला. लेव्हलचं रक्त गोळी घेण्याआधी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. मधल्या पाच दिवसांत ह्यांना गरजेपेक्षा कमी औषध गेलं होतं आणि तळहातावर लाली, म्हणजे डोनरच्या पेशींच्या हल्ल्याची खूण, दिसू लागली होती. ती वेळेत आटोक्यात आली. पण ते पाच दिवस मी अजून विसरलेली नाही.

म्हणून लेव्हलच्या दिवसाचा क्रम असा:

१. रात्रीची गोळी नेहमीच्या वेळी. वेळ वहीत लिहा.
२. सकाळची गोळी डबीत घालून बरोबर घ्या. तोंडात नाही. बाकीच्या गोळ्यांचं काय करायचं ते टीमला विचारून ठेवा.
३. रक्त द्या. नळीच्या कागदावर शेवटच्या डोसची वेळ लिहून घ्यायला सांगा.
४. रक्त दिल्यावर लगेच गोळी.
५. संध्याकाळी लेव्हल कळली की नवीन डोस वहीत, तारखेसह. जुन्या ओळीवर काट मारा, खाडाखोड नको.

> थांबा: बुरशीचं औषध आपल्या मनाने बंद केलं की सायक्लोस्पोरिनची लेव्हल खाली जाते, सुरू केलं की वर जाते. गावच्या डॉक्टरांनी खोकल्याला दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिनही लेव्हल वाढवतं. अंगदुखीच्या आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनी आणि प्लेटलेट दोन्हींवर वाईट. टीमला फोन केल्याशिवाय कुठलीही नवी गोळी नाही.

गुळवेल, अश्वगंधा, गव्हांकुर, "प्रतिकारशक्ती वाढवणारे" काढे हा आपल्या घरांतला नाजूक विषय आहे. आणणारा माणूस जिवापाड प्रेमाने आणतो. पण इथे प्रतिकारशक्ती जाणूनबुजून दाबून ठेवलेली असते, ती डिवचणारी वनस्पती नको आहे. शिवाय गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मी काढा आणणाऱ्यांना म्हणायचे, "फाइलला लावते, डॉक्टरांना दाखवते." कुणी दुखावलं नाही.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर स्वतःहून पुन्हा देऊ नका. किती वेळाने झाली ते लिहा आणि फोन करा. हात थरथरणं, पेटके हे या औषधांनी होतं, कळवा. अचानक प्रचंड डोकेदुखी, डोळ्यांपुढे धूसर होणं, फिट येणं असेल तर रक्तदाब मोजत बसू नका, थेट दवाखाना. पाणी दिवसभर घोट-घोट, डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, मोजून. किडनी त्यावरच तग धरते.

## टप्पा ५: ताप आणि बाकीच्या खुणा

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे फोन आणि लगेच निघणं. रात्री दोनला असला तरी. "सकाळी बघू" या दोन शब्दांनी लोक गेले आहेत. पॅरासिटामॉल आधी देऊ नका. ताप झाकला जातो, जंतू तसाच राहतो. पोचल्यावर पहिलं अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं, म्हणून दारातल्या माणसालाच सांगा, "ट्रान्सप्लांटचा पेशंट आहे, ताप आहे." केसपेपरच्या रांगेत उभं राहू नका.

स्टेरॉइड चालू असेल तर कधी कधी ताप चढतच नाही, नुसती थंडी वाजते, गळून जायला होतं. तीही तापासारखीच धरा. लाइन फ्लश केल्यावर, म्हणजे नळी आतून धुतल्यावर, अर्ध्या तासात हुडहुडी भरली तर लाइनमध्ये जंतू शिरल्याची शक्यता असते.

दाराशी एक पिशवी कायम भरलेली ठेवा: फाइलच्या प्रती, वही, दोन दिवसांची औषधं, मास्क, चार्जर, रोख पैसे.

जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशींचा हल्ला, मुख्यतः तीन ठिकाणी दिसतो. रोज अंघोळीनंतर उजेडात बघा:

१. त्वचा. तळहात, तळपाय, कानामागे, चेहरा. लाली, खाज, भाजल्यासारखं. याला घामोळं समजून पावडर लावत बसणं ही नेहमीची चूक.

२. पोट. पातळ जुलाब. "काल भाताने बाधलं" म्हणू नका. किती वेळा आणि साधारण किती, मोजून सांगा. प्लॅस्टिकचं मोजपात्र ठेवा, लाज नको.

३. यकृत. डोळे पिवळे, लघवी गडद. बरेचदा आधी रिपोर्टमध्येच कळतं.

थोडा जीव्हीएचडी दिसला म्हणून हाय खाऊ नका. त्याच पेशी उरलेल्या ल्युकेमियावरही हल्ला करत असतात, म्हणून डॉक्टर तो दरवेळी पूर्ण चिरडून टाकत नाहीत. तुमचं काम पहिल्या दिवशी कळवण्याचं.

कांजिण्या-नागिणीच्या माणसाशी संपर्क आला तर पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी फोन.

## टप्पा ६: ताट

नियम एक: ताजं, पूर्ण शिजलेलं, गरम. कुकरमधला वरण-भात, भाजी, तव्यावरची पोळी, नीट उकडलेलं अंडं. यात कुणी फारसं चुकत नाही. चुका होतात त्या शिजल्यानंतर वरून घातलेल्या गोष्टींत:

- वरून भुरभुरलेली कच्ची कोथिंबीर, ओलं खोबरं. चव हवीच असेल तर भाजीबरोबर शिजवा.
- वरून घातलेला मसाला, मिरपूड, मेतकूट, लसणाची कच्ची चटणी, घरचं लोणचं.
- पंचामृत, तीर्थ. प्रसाद कपाळाला लावून बाजूला ठेवायचा, देवाला ते चालतं.
- उसाचा रस, बर्फाचा गोळा, बाहेरचं ताक, कापून ठेवलेली फळं.

कोशिंबीर बंद. जाड सालीची फळं, जसं केळ, मोसंबी, संत्रं, धुऊन, साल काढून, टीमने हो म्हटल्यावर. द्राक्षं आणि स्ट्रॉबेरी नकोत. पपनस अजिबात नको, कारण ते आणि ग्रेपफ्रूट सायक्लोस्पोरिन-टॅक्रोलिमसची लेव्हल वाढवू शकतात. गणपतीत नैवेद्याच्या ताटातून ते हमखास येतं. दह्याबद्दल केंद्रागणिक मतं वेगळी आहेत, विचारा. पाणी उकळलेलं, आणि उकळलेलं भांडं झाकलेलं.

तोंडाला चव नसते. दोन घासांवर ताट सरकवलं जातं आणि वाढणाऱ्याचे डोळे भरतात. तीन जेवणांचा आग्रह सोडून मी दर दोन तासांनी अर्धी वाटी असा हिशोब धरला. नाचणीची पेज, मऊ खिचडी, मूगडाळीचं धिरडं. वजन आठवड्यातून दोनदा, त्याच काट्यावर. सासूबाईंनी महिनाभर स्वतःही फोडणीशिवायचं जेवण जेवलं, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

## टप्पा ७: मन

"पॉझिटिव्ह राहा" असं ह्यांना दिवसातून पंधरा जण सांगायचे. सातव्या-आठव्या दिवसानंतर त्यांनी फोन घेणंच सोडलं. ज्याच्या तोंडात फोड आहेत, ज्याला पाणी गिळता येत नाही, त्याच्यावर आनंदी दिसण्याचं आणखी एक काम आपण टाकतो. त्यापेक्षा पुढल्या गोष्टी उपयोगी पडल्या.

१. बातम्यांसाठी एकच माणूस. माझा भाऊ रोज रात्री नऊला सगळ्यांना एक निरोप पाठवायचा. मला आणि ह्यांना एकाही फोनला उत्तर द्यावं लागलं नाही.

२. वाक्य पूर्ण होऊ द्या. ते विचारायचे, "परत आला तर?" आणि मी म्हणायचे, "असं बोलू नये." तिथल्या समुपदेशक बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना पुढचं बोलू द्या. पुढच्या वेळी मी गप्प बसले. त्यांनी विचारलं, मुलीच्या शिक्षणाचे पैसे कुठे आहेत ते तुला माहीत आहे का. आम्ही कागद काढले, नामांकनं तपासली. त्या रात्री ते सलग पाच तास झोपले.

३. लहान, मोजता येणारं काम. चाळीस पावलं, मग साठ, मग इमारतीचा एक जिना. मुलीची गणितं फोनवर तपासणं. 'बरं होणं' हे काम फार मोठं आहे, ते एका दिवसात दिसत नाही. साठ पावलं दिसतात.

४. औषधाचा परिणाम ओळखा. स्टेरॉइडने झोप उडते, चिडचिड होते, कधी विनाकारण रडू येतं. तो माणसाचा स्वभाव बदललेला नसतो. डॉक्टरांना सांगा, डोसची वेळ बदलता येते, मदतीचं औषध देता येतं. दोन आठवडे सतत उदास असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलला, तर मानसोपचारतज्ज्ञाला तितक्याच निकडीने दाखवा जितक्या निकडीने तापाला दाखवाल.

५. सोबत्याची झोप. आठवड्यातली एक रात्र दुसऱ्या कुणाची. मी सहा आठवडे हे केलं नाही आणि एका पहाटे गोळ्यांच्या डब्यात दोन कप्पे उलटसुलट भरले. वन्संनी ते पकडलं.

> तपासून घ्या: दुसऱ्या रुग्णांशी ओळख ठेवा, पण रिपोर्टची तुलना करू नका. शेजारच्या खोलीतल्याचा डोनर वेगळा, आजार वेगळा, औषधं वेगळी. त्याचा काउंट बाराव्या दिवशी आला आणि आपला एकोणिसाव्या, यावरून काहीही कळत नाही.

## टप्पा ८: शंभराव्या दिवसानंतर

शंभरी भरली की घर सैल पडतं. मास्क दाराला अडकतो, वडापाव येतो. पण दबावाची, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी, औषधं चालू असतात तोवर धोका चालू असतो, आणि ती बंद झाल्यावरही प्रतिकारशक्ती पूर्ण यायला महिने, कधी वर्षं लागतात. औषधं हळूहळू कमी करतात आणि नेमक्या त्या आठवड्यांतच जीव्हीएचडी डोकं वर काढतो. तेव्हा पुन्हा रोज उजेडात त्वचा बघायची.

१. कायमेरिझम. शरीरातल्या किती पेशी डोनरच्या आहेत हे सांगणारी तपासणी, पहिल्या काही महिन्यांत ठरावीक दिवसांनी. रिपोर्ट आला की आकड्याबरोबर "पुढे काय करायचं" हेही वहीत लिहून घ्या.

२. उशिरा येणाऱ्या खुणा. कोरडे, खुपणारे डोळे, तोंडात पांढरे चट्टे, ताठरलेली त्वचा, जिना चढताना नव्याने लागणारी धाप. धापेला "अशक्तपणा" म्हणून सोडू नका, फुप्फुसाची तपासणी लागते.

३. ऊन. उन्हाने त्वचेचा जीव्हीएचडी चेततो. पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन. शेतीवर जाणाऱ्यांसाठी हे अवघड आहे. माती, शेणखत, गोठा, कडब्याची धूळ यांपासून तर किती दिवस लांब राहायचं हे स्पष्ट विचारून घ्या, नाहीतर माणूस सहाव्या महिन्यात मळणीला उभा राहतो.

४. लसी पहिल्यापासून. लहानपणी घेतलेल्या लसींची ताकद बहुतांशी गेलेली असते. निष्क्रिय लसी पहिल्या वर्षातच, टीमने ठरवलेल्या महिन्यापासून सुरू होतात. गोवरासारख्या जिवंत लसी निदान दोन वर्षांनंतर, जीव्हीएचडी नसेल आणि दबावाची औषधं बंद असतील तरच. लहान बाळाला असतं तसं लसीकरणाचं कार्ड करून घ्या आणि ते वहीला चिकटवा.

५. काम. बहुतेकांना सहा महिने ते वर्ष लागतं. आधी अर्धा दिवस, गर्दीची वेळ टाळून. आजार उलटायचा धोका पहिल्या दोन वर्षांत जास्त असतो, म्हणून बरं वाटत असलं तरी ठरलेली एकही तारीख चुकवू नका.

६. रक्तगट. डोनरचा गट वेगळा असेल तर काही महिन्यांत रुग्णाचा गट डोनरचा होतो. मधल्या काळात कुठला गट चढवायचा हे फक्त रक्तपेढी आणि टीम ठरवते. अपघात झाला आणि माणूस बेशुद्ध असला तर हे सांगणारं कुणी नसतं. म्हणून पाकिटात एक चिठ्ठी हवी: ट्रान्सप्लांटची तारीख, आधीचा गट, आताचा गट, रक्त फक्त इरॅडिएटेड, टीमचा फोन. ह्यांचा गट बी पॉझिटिव्ह होता. दीड वर्षाने कामावर रुजू झाल्यावर कंपनीने नवीन ओळखपत्र दिलं, त्यावर ह्यांनी ओ पॉझिटिव्ह लिहून घेतलं. वन्संचा गट.